असुरक्षित वस्तू, अनुचित व्यापार आणि आपण: ग्राहक संघटनांना पाठबळ का द्यावे?

काटेकोर (धागाकर्ता)

एखादी वस्तू सदोष निघाली की आपण ती बदलून घेतो, पैसे परत मिळाले की आपल्यापुरता विषय मिटतो. ती वस्तू मात्र तशीच विकली जात राहते आणि पुढचा अपघात दुसऱ्या कुणाच्या तरी घरी होतो. वैयक्तिक सावधगिरी आणि वैयक्तिक तक्रार या दोन्ही गोष्टी आवश्यक असल्या तरी केवळ त्यांनी वस्तूचा दोष दूर होत नाही, असे माझे मत आहे. तो दूर होतो अनेकांच्या तक्रारी एकत्र करून, त्यांचा अभ्यास करून त्या नियामकांपुढे आणि न्यायालयांपुढे चिकाटीने मांडणाऱ्या संघटनांमुळे.

एक उदाहरण देतो. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध द्रवरूपात विकता यावे म्हणून एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. हे द्रव्य मूत्रपिंड निकामी करते. शंभराहून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांत लहान मुले बरीच होती. विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता तपासण्याचे बंधन त्या वेळच्या कायद्यात नव्हतेच. प्रशासनाला उरलेला साठा जप्त करता आला तो केवळ लेबलावरील नाव दिशाभूल करणारे होते या तांत्रिक कारणावरून. पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, कायदा बदलला.

तेच द्रव्य १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमधून रुग्णांच्या शरीरात गेले आणि १४ जण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२२ साली गांबियात सुमारे ७० मुलांच्या मृत्यूनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ज्या खोकल्याच्या औषधांविषयी इशारा दिला, त्यांतही हेच द्रव्य सापडले होते. म्हणजे एका ठिकाणी कायदा झाला तरी धोका जगातून जात नाही, आणि त्यामागे सतत लागणारे कुणीतरी हवे असते.

माझा प्रश्न असा आहे: सदस्यत्व, वर्गणी, वेळ किंवा माहिती यांपैकी काहीतरी देऊन अशा संघटनांना पाठबळ देणे हे आपण आपले काम मानावे का? मानायचे तर संघटना कशी पारखावी? अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

दीपस्तंभ

विषय महत्त्वाचा आहे, पण मी थोडा वेगळा विचार मांडतो. सुरक्षिततेची जबाबदारी शासनाने नेमलेल्या नियामकांची आहे आणि त्यासाठी आपण कर भरतोच. गर्भवतींनीही घेतलेल्या थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचे उदाहरण घ्या. हे औषध अमेरिकेत विकण्याची परवानगी सप्टेंबर १९६० मध्ये मागितली गेली, तेव्हा फ्रान्सिस केल्सी या अधिकाऱ्यांनी कंपनीच्या दबावाला न जुमानता पुरेशा पुराव्याचा आग्रह धरला. जगात दहा हजारांहून अधिक बालके त्या औषधामुळे व्यंग घेऊन जन्माला आली, अमेरिकेत मात्र त्या काळात त्याला विक्रीची परवानगी मिळालीच नाही. हे काम एका सरकारी अधिकाऱ्याने केले, संघटनेने नव्हे. नियामक सक्षम असेल आणि ग्राहक लेबल वाचून, चौकशी करून खरेदी करणारा असेल, तर मध्ये तिसऱ्या पक्षाची गरज काय, हे मला समजून घ्यायचे आहे.

शल्यक

मी बालरुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर आहे, म्हणून केवळ एका वस्तूबद्दल लिहितो.

रिमोट, खेळणी, संगीत वाजवणारी शुभेच्छापत्रे, वजनकाटे यांत नाण्याच्या आकाराची बॅटरी असते. साधारण २० मिलिमीटर व्यासाची लिथियम बॅटरी लहान मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर ओलसर ऊतींमधून विद्युतप्रवाह सुरू होतो, त्या जागी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत अन्ननलिका गंभीररीत्या भाजू शकते. बॅटरी फुटण्याची किंवा गळण्याची त्यासाठी गरज नसते. उपकरणात वापरून ‘संपलेली’ बॅटरीही हे करू शकते. मुलाला सुरुवातीला फक्त लाळ गळणे, खोकला किंवा खाण्यास नकार एवढीच लक्षणे असू शकतात आणि बॅटरी गिळताना कुणी पाहिलेले नसेल, तर निदानाला उशीर होतो.

दीपस्तंभ, येथे लेबल वाचणारा दक्ष पालक काय करणार? धोका झाकणात आहे. झाकण स्क्रूने बंद होत असेल किंवा उघडण्यासाठी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागत असतील, तर मूल बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. हा बदल केवळ उत्पादक करू शकतो. ऑस्ट्रेलियात मुले गमावलेले पालक, डॉक्टर आणि ग्राहक संघटना यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २२ जून २०२२ पासून असे झाकण आणि इशारा तेथे बंधनकारक झाले. अमेरिकेतही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि त्याला बॅटरी गिळल्यामुळे दगावलेल्या एका बालिकेचे नाव दिले गेले. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि क्ष-किरण तपासणीचा आग्रह धरावा, घरी उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये, एवढे येथे आवर्जून सांगतो.

पूर्वा

शल्यक, मनापासून आभार. हा प्रतिसाद घरातील सर्वांना वाचून दाखवला.

तराजू

दीपस्तंभ यांनी केल्सी यांचे उदाहरण दिले ते फार योग्य आहे, पण त्याच्या मागची कडीही पाहावी. १९३७ साली त्या विषारी औषधातील नेमके काय मारक आहे याचा शोध शिकागो विद्यापीठात घेतला गेला, तेव्हा तरुण संशोधक म्हणून केल्सी त्या कामात होत्या. आणि १९६० साली ज्या कायद्याच्या आधारे त्या पुरावा मागू शकल्या, तो १९३८ चाच कायदा होता. त्याचा मसुदा अनेक वर्षे रखडला होता. महिला संघटना आणि ग्राहकहिताच्या संघटना त्याच्यासाठी झगडत होत्या, दुर्घटनेनंतर लोकमत उसळले आणि मग तो संमत झाला. अधिकारी प्रामाणिक असणे आवश्यक आहेच, परंतु त्याच्या हाती साधन कोणी दिले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

मोटारींचेही तसेच झाले. अमेरिकेतील वकील राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये वाहनांच्या रचनेतील दोष उघडपणे मांडले, तेव्हा जनरल मोटर्सने त्यांच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. १९६६ च्या मार्चमध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली आणि त्याच वर्षी वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. खासगीपणाच्या भंगाबद्दल नेडर यांनी खटला लढवला आणि तडजोडीतून मिळालेले ४ लाख २५ हजार डॉलर ग्राहकहिताच्या कामाला लावले. तोपर्यंत अपघात म्हणजे चालकाची चूक असेच धरले जात असे. वाहनाच्या रचनेमुळे माणूस वाचू किंवा मरू शकतो, हा विचार कायद्यात यायला एवढा संघर्ष करावा लागला.

दीपस्तंभ

शल्यक आणि तराजू, दोन्ही प्रतिसाद विचार करायला लावणारे आहेत. दोष रचनेत असेल तेथे ग्राहकाची दक्षता अपुरी पडते, हे मान्य. आता माझी दुसरी शंका. या संघटनांना पैसा कोण पुरवतो? एखाद्या कंपनीच्या पैशावर चालणारी संघटना त्याच कंपनीच्या प्रतिस्पर्ध्याचा माल वाईट ठरवणार नाही, याची हमी काय?

तराजू

योग्य शंका आहे आणि संघटना पारखण्याची पहिली कसोटीही हीच आहे. अमेरिकेतील कन्झ्युमर्स युनियन (आताचे नाव ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’) ही संघटना १९३६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तिने आपल्या मासिकात जाहिराती घेतल्या नाहीत. चाचणीसाठी लागणाऱ्या वस्तू ती सामान्य ग्राहकाप्रमाणे दुकानातून विकत घेते, कंपनीने पाठवलेला नमुना वापरत नाही. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण चाचणीसाठी मुद्दाम निवडून पाठवलेला नमुना आणि ग्राहकाच्या हाती पडणारा नग यांत फरक असू शकतो. जर्मनीत तेथील संसदेच्या निर्णयाने १९६४ मध्ये स्थापन झालेली श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही संस्थाही वस्तू निनावीपणे विकत घेऊनच तपासते. ब्रिटनमध्ये १९५७ पासून असेच काम वर्गणीदारांच्या बळावर चालते.

तेव्हा संघटनेला वर्गणी द्यायची असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात: हिशेब जाहीर होतो का, ज्या उद्योगाबद्दल ती बोलते त्याच्याकडून निधी घेते का, आणि चाचणीची पद्धत ती प्रसिद्ध करते का. चाचणीची पद्धत प्रसिद्ध असली की उत्पादकालाही तिची उलटतपासणी करता येते आणि वाद मोजमापावर होतो.

उद्योजक

मी विद्युत उपकरणे बनवणारा लहान उत्पादक आहे. येथे दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

सुरक्षिततेच्या नियमांना माझा विरोध नाही. नियम न पाळणारा माझ्यापेक्षा स्वस्त विकतो आणि प्रामाणिक उत्पादक बाजारातून बाहेर फेकला जातो, त्यामुळे कडक अंमलबजावणी माझ्याही हिताची आहे. माझी तक्रार मानके कशी ठरतात याबद्दल आहे. मानक ठरवणाऱ्या समित्यांच्या बैठका दीर्घ चालतात, त्यांतील मसुदे अत्यंत तांत्रिक असतात आणि तेथे नियमित उपस्थित राहणे मोठ्या कंपन्यांच्या पगारी प्रतिनिधींनाच परवडते. परिणामी काही वेळा चाचणीची अट अशी लिहिली जाते की मोठ्याला ती सहज झेपते, लहान उत्पादकाला झेपत नाही आणि वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेत तर काहीच भर पडत नाही. ग्राहकांचा प्रतिनिधी त्या खोलीत असेल, तर ‘या अटीने वापरणाऱ्याचे संरक्षण कसे होते?’ हा प्रश्न विचारला जातो. तो विचारणारे कुणी नसते, हा माझा प्रत्यक्ष अनुभव आहे.

हस्तलिखित

उद्योजक यांनी मांडलेला मुद्दा या धाग्यातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे असे मी म्हणेन.

कायदा बहुधा एवढेच सांगतो की वस्तू सुरक्षित असावी. सुरक्षित म्हणजे नेमके काय, झाकण किती जोराने ओढल्यावर निघू नये, पाळण्याच्या दोन दांड्यांत किती अंतर असावे, हे मानकात लिहिलेले असते. म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत ग्राहकविषयक धोरणाची समिती १९७८ पासून आहे आणि युरोपात मानकांच्या कामात ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी आनेक ही स्वतंत्र संस्था १९९५ मध्ये स्थापन झाली. या कामाला प्रसिद्धी अजिबात मिळत नाही. एखादा अभियंता वर्षानुवर्षे मसुद्यातील एका आकड्यासाठी भांडतो आणि तो आकडा बदलला की कित्येक मुलांचा जीव वाचतो, पण ती मुले कोणती हे कुणालाच कळत नाही.

मानक उद्योगाच्याच हाती राहिले की काय होते याचे उदाहरण म्हणजे एका बाजूची कड खाली सरकणारे पाळणे. अमेरिकेत ते अनेक दशके विकले गेले. कडेची खीळ झिजली किंवा तुटली की कड आणि गादी यांच्यामध्ये फट पडे आणि बाळ त्यात अडकून गुदमरे. २००० सालापासून किमान ३२ बालमृत्यूंचा संबंध या रचनेशी जोडला गेला आणि जून २०११ पासून ती बंद झाली. तोपर्यंत प्रत्येक मृत्यूनंतर ‘जोडणी चुकली’ असे पालकांनाच ऐकवले जाई. ज्या वस्तूची जोडणी थकलेल्या पालकांनी घरी करायची आहे, तिची जोडणी चुकता येऊ नये अशी रचना करणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे.

ऋजुता

माझा अनुभव अनुचित व्यवहाराचा आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

घरातील एका तापवण्याच्या उपकरणाची वायर प्लगजवळ वितळली. आम्ही घरातच होतो म्हणून आग लागली नाही. कंपनीला छायाचित्रांसह कळवल्यावर त्यांनी तत्परतेने पूर्ण रक्कम परत देण्याची तयारी दाखवली, मात्र सोबत एक कागद पाठवला. या घटनेविषयी समाजमाध्यमांवर किंवा अन्यत्र कुठेही वाच्यता करणार नाही, कोणत्याही अधिकाऱ्याकडे तक्रार करणार नाही आणि जळालेले उपकरण कंपनीच्या ताब्यात देईन, असे त्यात होते. म्हणजे पैसे देऊन माझे मौन आणि पुरावा या दोन्ही गोष्टी विकत घेतल्या जात होत्या.

मी सही केली नाही. एका ग्राहक संघटनेकडे गेले, तेव्हा तेथील कार्यकर्त्यांनी सर्वप्रथम उपकरण कुणाच्याही हाती देऊ नका असे सांगितले. त्यांच्याकडे त्याच नमुन्याच्या उपकरणाबद्दल याच स्वरूपाच्या आणखी तक्रारी आधीच नोंदलेल्या होत्या. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होती, कारण कंपनीचा प्रतिनिधी मला ‘असे पहिल्यांदाच घडले आहे’ असे सांगत होता. मी एकटी असते तर ते खोटे आहे हे मला कधीच कळले नसते. पुढे नियामकाकडे संयुक्त निवेदन गेले आणि तो नमुना बाजारातून काढून घेतला गेला. माझे पैसे मिळायला मात्र बराच अवधी गेला, हेही सांगायला हवे.

अनामिक_वाचक

सही न करण्याबद्दल तुमचे अभिनंदन. पैशांची निकड असलेल्या माणसाला हे जमणे किती कठीण असेल!

कलमवार

ऋजुता यांच्या अनुभवातून एकत्रित दाव्याचा विषय निघतो. प्रत्येकाचे नुकसान थोडे असेल, तर स्वतंत्र खटल्याचा खर्च कुणालाच परवडत नाही आणि अनुचित व्यापार नेमका यावरच टिकून असतो. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांमध्ये उत्सर्जनाच्या चाचणीपुरते धूर कमी दाखवणारे सॉफ्टवेअर बसवल्याचे २०१५ मध्ये उघडकीस आले. जर्मनीत तेव्हा अनेक ग्राहकांचा एकत्रित दावा चालवण्याची सोयच नव्हती. ती १ नोव्हेंबर २०१८ पासून झाली. तेथील ग्राहक संघटनांच्या महासंघाने लगेच दावा दाखल केला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे ८३ कोटी युरोपर्यंतची तडजोड झाली. त्यात सामील झालेल्या सामान्य मोटारमालकाला स्वतःचा वकील लावावा लागला नाही.

भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने तक्रार करण्याची तरतूद आहे, उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि एका ग्राहकाच्या तक्रारीपलीकडे जाऊन सर्वांच्या हितासाठी कारवाई करू शकणारे केंद्रीय प्राधिकरणही त्यातूनच २०२० मध्ये अस्तित्वात आले. तरतूद असणे आणि ती वापरणारे कुणी असणे यांत मात्र पुष्कळ अंतर असते.

पूर्वा

किंचित वेगळा मुद्दा मांडते, पण विषयाला धरूनच आहे. वस्तू जीवघेणी नसली तरी विक्रीची पद्धत फसवी असू शकते. सदस्यत्व घेणे एका क्लिकचे काम आणि रद्द करायचे तर पानामागून पाने, किंवा सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या टप्प्यावर शुल्के वाढवणे. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांची नावानिशी यादी करून त्यांना मनाई करण्यात आली. अमेरिकेत एपिक गेम्स या कंपनीने खेळाच्या रचनेतून नकळत खरेदी करायला लावल्याबद्दल ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. या क्लृप्त्यांचा सर्वाधिक त्रास वृद्धांना आणि मुलांना होतो, आणि तेच तक्रार करत नाहीत.

हस्तलिखित

तक्रार एकट्याची असली तरी ती योग्य ठिकाणी पोहोचली तर काय होते, हेही नोंदवतो. २००६ मध्ये पनामात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने शंभराहून अधिक लोक मरण पावले होते. पुढच्या वर्षी तेथील एका सामान्य सरकारी कर्मचाऱ्याने दुकानातील टूथपेस्टच्या लेबलावर तेच नाव वाचले, ती विकत घेतली आणि आरोग्य अधिकाऱ्यांकडे नेऊन दिली. त्यातून सुरू झालेल्या तपासामुळे अनेक देशांत ती टूथपेस्ट बाजारातून काढली गेली. दीपस्तंभ यांचा लेबल वाचण्याचा आग्रह येथे सार्थ ठरला. परंतु ते नाव विषाचे आहे हे त्या गृहस्थांना ठाऊक होते, कारण आदल्या वर्षीच्या मृत्यूंची माहिती लोकांपर्यंत पोहोचली होती.

शल्यक

माहिती पोहोचणे हाच कळीचा भाग आहे. फिशर-प्राइस या कंपनीचा बाळांना उतरत्या स्थितीत निजवण्याचा एक झोपाळा अमेरिकेत २००९ पासून विकला जात होता. उतरत्या पृष्ठभागावर बाळाची हनुवटी छातीवर टेकून किंवा बाळ कुशीवर वळून श्वासमार्ग बंद होऊ शकतो. एप्रिल २०१९ मध्ये नियामकाच्या पहिल्या इशाऱ्यात दहा मृत्यूंचा उल्लेख होता. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या पडताळणीत किमान ३२ मृत्यू आढळले. ते प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच सुमारे ४७ लाख झोपाळे परत मागवले गेले. तेथील १९७२ च्या कायद्यातील एका कलमानुसार वस्तूचे नाव जाहीर करण्यापूर्वी नियामकाला उत्पादकाला कळवून त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि त्यात मोलाचा काळ जातो. संघटनेवर असे बंधन नसते. २०२२ मध्ये दहा अंशांपेक्षा अधिक उतार असलेल्या अशा वस्तू कायद्यानेच बंद केल्या गेल्या.

दीपस्तंभ

एवढ्या सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. नियामकालाही बाहेरून पुरावा आणि दबाव लागतो, हे शल्यक यांच्या शेवटच्या उदाहरणातून मला सर्वाधिक पटले. मूळ प्रश्नाकडे वळू या: वर्गणी देण्यापलीकडे सामान्य माणसाने नेमके काय करावे?

काटेकोर (धागाकर्ता)

या चर्चेतून मला जे दिसले ते लिहितो. घटना घडली की वस्तू फेकू नये, दुरुस्त करू नये, कंपनीच्या स्वाधीन करू नये; नमुना क्रमांक, उत्पादनाचा गट क्रमांक, पावती आणि छायाचित्रे जपून ठेवावीत. इजा झाली नाही तरी तक्रार नोंदवावी, कारण वितळलेली वायर आणि लागलेली आग यांत अनेकदा केवळ योगायोगाचा फरक असतो, आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदींवरूनच पुढचा अपघात ओळखता येतो. नोंद नियामकाकडे आणि संघटनेकडे, दोन्हीकडे करावी.

नियमांचे मसुदे हरकतींसाठी प्रसिद्ध होतात, तेव्हा उद्योगाकडून विस्तृत निवेदने जातात आणि ग्राहकांकडून जवळजवळ काहीच जात नाही. शल्यक यांच्यासारख्या डॉक्टरांचे, उद्योजक यांच्यासारख्या प्रामाणिक उत्पादकांचे एक पानी निवेदनही तेथे फार मोलाचे ठरेल. ज्यांच्याकडे तांत्रिक ज्ञान आहे त्यांनी वर्गणीपेक्षा वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

उद्योजक

मानकांचे मसुदे वाचून सोप्या भाषेत समजावून सांगण्याचे काम मी आनंदाने करीन. कोणत्या वस्तूपासून सुरुवात करायची ते ठरवा.

पूर्वा

बॅटरीच्या झाकणापासून करावी. आणि एक शंका: परत मागवलेली वस्तू आधीच जुन्या बाजारात विकली गेली असेल तर काय?

कलमवार

ही या व्यवस्थेतील मोठी उणीव आहे. परत मागवल्याची सूचना पहिल्या खरेदीदारालाच जाते, तीही त्याने नाव नोंदवले असेल तर. अमेरिकेत २००८ च्या कायद्यापासून परत मागवलेली वस्तू विकणेच बेकायदा आहे आणि ते वापरलेल्या वस्तूंनाही लागू होते. जुनी वस्तू घेण्यापूर्वी तिचा नमुना क्रमांक परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीत शोधावा. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१२ पासून अनेक देशांच्या अशा सूचना एकत्र शोधण्याची सोय केली आहे. पाळणे, मुलांच्या गाडीतील आसने आणि तापणारी उपकरणे यांच्या बाबतीत हे न चुकता करावे, आणि नमुना क्रमांकाची चिठ्ठी खरवडलेली असेल तर ती वस्तू घेऊच नये.